निघून जाणाऱ्यांचे स्वातंत्र्य

रॉक गीतांमध्ये स्वातंत्र्य बहुधा निघून जाण्याच्या रूपात येते. लेनर्ड स्किनर्ड या बँडच्या ‘फ्री बर्ड’चा (१९७३) नायक प्रेयसीचा निरोप घेतो, कारण बांधून राहणे त्याच्या स्वभावातच नाही. ‘बॉर्न टू रन’मध्ये (१९७५) ब्रूस स्प्रिंगस्टीनचा तरुण गाव सोडू पाहतो, पण प्रेयसीलाही सोबत चल म्हणून विनवतो.

तत्त्वज्ञ आयझाया बर्लिन यांनी १९५८ साली ऑक्सफर्डमधील व्याख्यानात स्वातंत्र्याच्या दोन कल्पना वेगळ्या केल्या: कोणी आडकाठी न करणे आणि आपण आपले धनी असणे. बहुतेक रॉक गीते पहिलीवरच थांबतात. दार उघडले, रस्ता मोकळा झाला. पुढे काय, हे ती सांगत नाहीत. क्रिस ख्रिस्तोफरसन यांचे ‘मी अँड बॉबी मॅगी’ मात्र त्यापुढे जाते. त्यातले स्वातंत्र्य सगळे गमावून बसलेल्याचे आहे, आणि त्याला हवी असते ती हरवलेली सोबत.

बीटल्सचे ‘शीज लीव्हिंग होम’ (१९६७) या सर्वांत धीट म्हणावे लागेल. पहाटे चिठ्ठी ठेवून एक मुलगी घर सोडते. कडव्यांत पॉल मॅकार्टनी तिची हकिकत सांगतात, तर जॉन लेनन आईवडिलांच्या तोंडचे शब्द गातात. काही कमी पडू दिले नाही, मग ती गेली का, हे त्यांना उमगत नाही. मुलीचा हक्क गाणे नाकारत नाही आणि आईवडिलांना खलनायकही ठरवत नाही. जाणाऱ्याच्या स्वातंत्र्याची किंमत मागे राहिलेले मोजतात, हे इतक्या न्याय्यपणे मांडणारी रॉक गीते फार थोडी आहेत.