पाईप माझे, गाडी कुणाची?

इंजिन भंगारात निघालेल्या ओम्नीचं, त्याची पावती माझ्याकडं आहे. एक इंची चौकोनी पाईप, ॲल्युमिनियमचा पत्रा, चार चाकं, शॉकॲब्सॉर्बर, वायरिंग, यातली प्रत्येक वस्तू मी एक तर पैसे मोजून घेतली किंवा स्वतः तयार केली. या वस्तू माझ्या आहेत, त्याबद्दल मला शंका नाही. पण त्या जुळून जी दोन सीटची, बिनदाराची, बिनटपाची गाडी उभी राहिली, तिला ‘माझी’ म्हणताना मी अडखळतो. ती त्या वस्तूंच्या ढिगात नव्हती. ढिगात जे नव्हतं ते माझ्या मालकीचं कसं झालं, हा प्रश्न मला पडला आणि अजून तो सुटत नाही.

माझं शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं शेड आहे. वडील फाउंड्रीत मोल्डर होते. खिडक्यांचे ग्रील, शेडचे ट्रस, उसाच्या ट्रॉल्या ही आमची रोजची कामं. कोल्हापुरात स्वतः करून बघायची खोड जुनी आहे. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा इथंच तयार केला आणि 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. हलक्या स्पोर्ट्स कारची गोष्ट मात्र इंग्लंडातली. कॉलिन चॅपमन या इंजिनियरनं 1957 साली लोटस सेव्हन काढली. बारीक पाईपांची फ्रेम, वर पत्रा, बाकी काही नाही. ती सुट्या भागांतही मिळायची आणि लोक घरच्या गॅरेजात जुळवायचे. कारण सरळ होतं. तिकडं तयार गाडीवर खरेदी कर होता, तसा तो सुट्या भागांवर नव्हता. 1973 साली कराची पद्धत बदलली, त्याच वर्षी लोटसनं ही गाडी सोडली आणि केटरहॅमनं ती पुढं चालू ठेवली. आपल्याकडं अलिबागजवळ चिंकारा मोटर्सनं याच घाटाची रोडस्टर काढली, फायबरचं अंग आणि कॉन्टेसातलं इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन. त्याच्याही आधी, 1998 साली, सॅन स्टॉर्म आली. ती मी एकदा गोव्यात पाहिली आणि तेव्हापासून हे वेड डोक्यात आहे.

त्या इंग्रजी कराकडं मी पुन्हा पुन्हा वळतो. कर घेणाऱ्यांनी भाग वेगळे धरले आणि गाडी वेगळी धरली. गाडी म्हणजे फक्त भाग असते, तर भागांच्या ढिगावरही कर बसायला हवा होता.

आमच्याकडं फाटकाच्या कामासाठी आलेले एक सर आहेत. त्यांनी तत्त्वज्ञान शिकवलं आहे. फाटक केव्हाच बसलं, सर अजून येतात. फ्रेम बघून त्यांनी मला मिलिंद राजा आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद सांगितला. तुम्ही कशातून आलात, असं नागसेन विचारतात. रथातून, असं राजा म्हणतो. मग नागसेन एकेक भाग धरून विचारतात, दांडा म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, चाकं, साटा, जू, लगाम? प्रत्येकाला राजा ‘नाही’ म्हणतो. सगळे मिळून? नाही. सगळ्यांहून वेगळा? तोही नाही. म्हणजे रथ हे एक नाव झालं, भाग एकत्र आले की वापरायचं. तसंच माणसाचं.

मी म्हटलं, ‘‘सर, हे मला पटत न्हाई.’’

‘‘का ओ मेस्त्री? तुमच्याच शेडमधलं उदाहरण आहे की.’’

मला वाटतं, नागसेनांनी रथ उभा असताना तपासला. ओझ्याखाली तपासला असता तर राजाला दुसरं उत्तर सुचलं असतं.

यावर सरांनीच मला दुसरी बाजू दिली, हे मला त्यांचं मोठेपण वाटतं. गौतमाच्या न्यायसूत्रांत बौद्धांच्या विरुद्ध एक युक्तिवाद आहे. वस्तूचा एक भाग धरून ओढला की सगळी वस्तू येते, एक भाग उचलला की सगळी उचलली जाते. तेव्हा भागांहून वेगळी अशी पूर्ण वस्तू, अवयवी, असलीच पाहिजे. हे ऐकून मला बरं वाटलं, पण लगेच सर म्हणाले की भाष्यकार वात्स्यायन याच युक्तिवादावर बोट ठेवतो. लाखेनं चिकटवलेलं गवत आणि लाकूडही एकत्र ओढलं जातं, म्हणून ती एक वस्तू झाली का?

वात्स्यायनाचं बरोबर आहे. टाके मारलेली फ्रेम मी स्वतः शेडमधून अंगणात ओढून नेली. सगळी आली. गाडी तेव्हा कुठंच नव्हती.

मग ती आली कधी? मी जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो. फ्रेमचे तीन कोपरे घोड्यांवर पक्के बांधले आणि चौथ्याखाली स्क्रू जॅक लावला. फ्रेमवर एक सरळ पाईप पुढं आडवा ठेवला, एक मागं. खाली वाकून एक डोळा मिटला की दोन्ही पाईपांच्या कडा एका रेषेत दिसतात. जॅकला जोर लावून फेरा दिला, कडा फाकल्या. फाक जेवढी, तेवढा फ्रेमला पीळ. मग इंजिनाच्या जागेत एक तिरका पाईप टाक्यांवर बसवला, जॅकला पुन्हा तेवढाच जोर लावला. फाक इतकी कमी झाली की शेडमधल्या पोरानं जॅक घसरला का म्हणून खाली बघितलं. चौकट कोपऱ्यातून दाबली की ती कलंडते, त्रिकोण कलंडत नाही, हे वर्कशॉपच्या पहिल्या वर्षी शिकवतात. ते ठाऊक असूनही मी तिथं बराच वेळ वाकून राहिलो.

तो पाईप सहा मीटरचा अख्खा मधोमध धरून उचलला तर त्याची दोन्ही टोकं लवतात, इतका तो हलका असतो. त्याचा शेजारचा पाईपही तसाच. ताठपणा यातल्या कुणाच्याच अंगी नव्हता, तो सगळ्यांत मिळून आला आणि एक पाईप काढला की गेला. उसाच्या ट्रॉलीत हे कळत नाही. ट्रॉलीला आम्ही जाड चॅनेल घालतो, वर आणखी एक पट्टी मारतो, कारण कारखान्यावर जाताना ती किती भरतील याचा नेम नसतो. तिथं प्रत्येक भाग आपल्या पायांवर उभा असतो. ओम्नीचं वजन पावणेआठशे किलोच्या घरात, ही गाडी साडेचारशेच्या आसपास. जिथं भागाजवळ स्वतःचं बळ शिल्लक राहिलेलं नाही, तिथंच पूर्ण वस्तू उघडी दिसते.

सर म्हणाले, ‘‘मेस्त्री, ही मांडणी झाली. मांडणीला वस्तू कशाला म्हणायचं?’’

मांडणी ड्रॉइंगमध्येही असते. ड्रॉइंगला जॅक लावता येत नाही.

पण माझा खरा युक्तिवाद वेगळा आहे आणि तो उद्यमनगरात कुणालाही पटेल. गाडी पहिल्यांदा चालली तेव्हा ती डावीकडं ओढत होती. ब्रेक तपासला, नीट. चाकं, बेअरिंग, बुश, सगळं मापात. प्रत्येक भाग चालणाऱ्या फरकाच्या आत होता, फक्त ते सगळे बारीक फरक एकाच बाजूला जमा झाले होते. असा दोष गाडीचा असतो. तो कुठल्या भागात शोधून सापडत नाही आणि कुठला भाग बदलून जात नाही, गाडी म्हणूनच तिला लाईनवर आणावं लागतं. ज्याला स्वतःचा दोष आहे ते नुसतं नाव आहे असं मी मानायला तयार नाही. माणसाचंही मला तसंच वाटतं.

मालकीचा प्रश्न मला खंडेनवमीला पडला. आमच्याकडं त्या दिवशी लेथ, ड्रिल, ग्राइंडर, वेल्डिंगचं मशीन पुसून, झेंडूच्या माळा घालून पूजेला बसवतात. गुण्या, हातोडी, कानस पाटावर मांडतात. हळदकुंकू, नारळ. फ्रेम कोपऱ्यात टाक्यांवर उभी होती. मी कुंकवाचा करंडा घेऊन तिकडं वळलो तर पोरगं म्हणालं, ‘‘मालक, ह्येला कशाला कुंकू? गाडी कुठं झालीया अजून?’’ त्याचं खरं होतं. मी करंडा परत पाटावर ठेवला. पुढच्या खंडेनवमीला गाडी पूजेला बसली.

लोक या पूजेला उपकार मानणं म्हणतात. तेही आहेच. पण मला त्यातला नियम जास्त महत्त्वाचा वाटतो. पूजेला बसलेलं हत्यार मालकालाही उचलता येत नाही. कितीही घाईचं काम येऊ दे, दसऱ्याचं सीमोल्लंघन होऊन सोनं लुटेपर्यंत ते पाटावरच राहतं. पावती माझ्या नावाची आणि तरी हात लावायचा नाही. वर्षातून एकदा मालकी थांबवून ठेवणारा हा नियम कुणी पुस्तकात लिहिला असेल-नसेल, माझ्या वडिलांनी तो कडक पाळला आणि मी पाळतो. ईशावास्य उपनिषद सगळंच ईश्वराचं आहे, कशाचाच लोभ धरू नका, असं सांगतं. तेवढ्या उंचीवर मी जात नाही. पाईप माझे आहेत, ते माझे नाहीत म्हणणं मला खोटं वाटेल. जुळून आलेली वस्तू मात्र माझी नाही, एवढाच माझा धर्म आहे.

कायदाही तिला माझी म्हणत नाही, त्याची कारणं वेगळी. मोटार वाहन कायदा 1988 चा. नवा घाट रस्त्यावर आणायचा तर नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून घ्यावा लागतो, तेव्हा कुठं नोंदणी आणि नंबर. एका माणसाच्या एका गाडीला हे परवडत नाही. नियम योग्य आहे असंच मी म्हणेन, रस्ता सगळ्यांचा आहे. त्यामुळं ही गाडी टेम्पोत घालून न्यावी लागते, ती बंदिस्त जागेतच फिरते. कोल्हापुरात मोहितेंचा कार्टिंगचा ट्रॅक झाल्यापासून गाडी रस्त्यासाठीच असते असं नाही, हे इथल्या पोरांना तरी सांगावं लागत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांची गोष्ट बहुतेकांना आठवत असेल. त्यांनी भंगारातून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी केली. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं. ती नियमात बसत नाही हेही सांगितलं आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. घरात आलेली ही पहिली लक्ष्मी, ती कशी द्यायची, असं घरच्यांना वाटत असल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं. जानेवारी 2022 मध्ये त्यांनी बोलेरो घेतली. आमच्या इथं चहाच्या गाड्यावर त्यावर मोठा वाद झाला. कुणी म्हणे सोनं झालं, कुणी म्हणे आपल्या हातची वस्तू दिली. मला त्यांचा आदर वाटतो तो त्या थांबण्याच्या काळासाठी. भंगाराची किंमत त्यांना तोंडपाठ असणार. विचार करावा लागला तो भंगारात नसलेल्या गोष्टीसाठी, आणि तिला त्यांच्या घरात लक्ष्मी म्हणत होते.

चालवण्याबद्दल थोडं सांगतो, कारण शेवटचा धक्का तिथं बसला. सीट जमिनीपासून वीतभर. खडा चाकाखाली आला की तो आपल्या पाठीला कळतो. 796 सीसीचं इंजिन, ओम्नीत असताना जे घाटात रडायचं तेच इथं मोकळं पळतं. पण वळणावर गाडी एका बाजूला जास्त बसत होती, म्हणून धान्याच्या व्यापाऱ्याकडून चार वजनकाटे आणले आणि चारी चाकांखाली ठेवले. रिकाम्या गाडीचे आकडे लिहून घेतले. मग मी बसलो. उजवीकडचे दोन्ही काटे चढले, आणि चारींचा आपसातला हिशेबच बदलला. बोलेरोत बसणारा माणूस तिच्या वजनात हरवून जातो. इथं मी सगळ्या ओझ्याचा सहावा-सातवा भाग होतो.

कठोपनिषदातल्या रथात आत्मा रथी आहे, शरीर रथ आहे, बुद्धी सारथी आहे. बसणारा आणि रथ तिथं निराळे. काट्यावर बसलो तेव्हा मी निराळा नव्हतो. स्टब ॲक्सलसारखा, तिरक्या पाईपसारखा मीही त्या गाडीचा एक अवयव होतो, मला उतरवलं तर तिचा तोल वेगळा. आणि पाईपाला गाडीचं मालक होता येत नाही.

सरांना हे सांगितलं. ते गाडीत जाऊन बसले, माझ्यापेक्षा बरेच जड आहेत. काटे पुन्हा हलले.

‘‘म्हणजे मेस्त्री, आता ही दुसरी गाडी झाली?’’

‘‘झाली की.’’

‘‘मग तुमचा अवयवी टिकाऊ नाही. नागसेन याहून जास्त काय म्हणत होते?’’

नैयायिकांना ते मान्य आहे, हे त्यांनीच मला पूर्वी सांगितलं होतं. एक धागा काढला तरी जुनं वस्त्र संपतं आणि नवं उत्पन्न होतं, पण नवं उत्पन्न होतं ते खरंच उत्पन्न होतं. क्षणभर असलेली वस्तू नव्हतीच असं होत नाही. सर यावर मान हलवत राहिले, होकाराची की नकाराची ते कळलं नाही. मी त्यांना उतरू दिलं नाही. ते बसलेले असतानाच उजव्या बाजूच्या दोन्ही स्प्रिंगांचे आटे थोडे चढवले, काटे पुन्हा बघितले, आणि मग इंजिन सुरू केलं.