भरण आणि वाटा

विद्यापीठाच्या परीक्षेसाठी दृष्टिहीन विद्यार्थ्याने लेखनिक मागितला, किंवा चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या विद्यार्थिनीने आपला वर्ग दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणावा असे प्राचार्यांना लिहून दिले, तर त्यांना जे मिळते ते दान असते की देणे असते, हा प्रश्न वरवर प्रशासकीय दिसत असला तरी मुळात तो धर्मचिंतनाचा प्रश्न आहे. कारण अशा व्यवहाराचा आधार देणाऱ्याच्या मनातील भाव मानायचा की घेणाऱ्याचा अधिकार मानायचा, हे त्याच्या उत्तरावरून ठरते. दानाने दात्याला पुण्य लागते आणि दान न केल्याने फारसे काही बिघडत नाही. देणे फेडल्याने पुण्य लागत नाही, पण ते थकवले तर दोष लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016, जो 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला, तो निःसंशय दुसऱ्या बाजूचा आहे. ‘वाजवी सुविधा’ म्हणजे एखाद्या दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने आपले हक्क वापरता यावेत म्हणून केलेला आवश्यक आणि योग्य तो बदल, ज्याचा संस्थेवर अवाजवी भार पडत नाही, अशी त्या कायद्याची भूमिका असून, अशी सुविधा नाकारणे हाच भेदभाव, असेही त्याने व्याख्येतच म्हटले आहे. म्हणजे भेदभाव सिद्ध होण्यासाठी कोणाच्या मनात द्वेष असावा लागत नाही. सज्जन प्राचार्यांच्या हातूनही तो घडू शकतो.

दान आणि देणे असा दोनच बाजूंचा विचार मात्र अपुरा आहे, आणि त्याचे कारण भारतीय धर्मशास्त्राच्या इतिहासातच सापडते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आणि याज्ञवल्क्यस्मृतीच्या दायविभागात, म्हणजे वडिलोपार्जित संपत्तीच्या वाटणीच्या प्रकरणात, जन्मांध, बधिर, पंगू अशा व्यक्तींना वाटणीतून वगळले आहे. पण त्याच ठिकाणी त्यांचे आमरण भरणपोषण करण्याचे बंधन कुटुंबावर घातले असून, ते न पाळणारा पतित होतो असे मनूने बजावले आहे. चालुक्यांच्या कल्याणी येथील दरबारात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेल्या ‘मिताक्षरा’ या टीकेच्या द्वारे हाच नियम महाराष्ट्रासह देशाच्या मोठ्या भागात हिंदू कायदा म्हणून शतकानुशतके चालत राहिला. येथे भरण हे दान नाही, ते सक्तीचे कर्तव्य आहे. तरीही ज्याचे भरण होते तो त्या घराचा वाटेकरी नाही. ही व्यवस्था निर्दय नव्हती, आणि म्हणूनच ती इतकी टिकली असावी, कारण पोटभर अन्न देणाऱ्या घराला आपण कोणावर अन्याय करीत आहोत असे वाटण्याचे कारणच उरत नाही. 1928 च्या एका कायद्याने या अपात्रतेचा बराचसा भाग दूर केला आणि हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 च्या 28 व्या कलमाने रोग, व्यंग किंवा विकृती या कारणाने कोणालाही वारसाहक्कातून वगळता येणार नाही असे ठरवून तो विषय संपत्तीपुरता मिटवला.

विद्येच्या बाबतीत तो मिटला आहे असे म्हणता येत नाही. शुल्कमाफी, शिष्यवृत्ती, प्रवास सवलत आणि उत्तीर्ण होण्यासाठी दिलेले वाढीव गुण ही सारी भरणाची रूपे आहेत; ती आवश्यक असू शकतात, पण त्यांच्यामुळे विद्यार्थी अभ्यासक्रमाचा वाटेकरी होतोच असे नाही. प्रयोगशाळेतील टेबलाची उंची, पडदा-वाचक संगणकप्रणालीने वाचता येईल असे पाठ्यसाहित्य, सांकेतिक भाषेचा दुभाषी, परीक्षेतील भरपाईचा वेळ हा वाटा आहे. वाढीव गुण न लिहिलेल्या उत्तराची भरपाई करतात आणि भरपाईचा वेळ उत्तर लिहू देतो, हा फरक लक्षात घेतला तर पहिली गोष्ट संस्थांना सोपी आणि दुसरी अवघड का वाटते हेही उमगते: पहिलीत संस्थेला स्वतःत काहीच बदलावे लागत नाही.

उदाहरणार्थ, जालना शहरातील मस्तगड या अठराव्या शतकातील किल्ल्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिसरातून पदवीसाठी नाव नोंदवणारा दिव्यांग विद्यार्थी बहुधा छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात शिकतो. 1958 साली स्थापन झालेले आणि 1994 मध्ये नामविस्तार झालेले हे विद्यापीठ जालन्यापासून सुमारे 60 किलोमीटर अंतरावर आहे. या विद्यार्थ्याची सुविधेची मागणी आधी महाविद्यालयात जाते, मग परीक्षा विभागाकडे, आणि या वाटेवर ती अर्जाच्या रूपातच राहिली तर देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. तक्रार ही वेगळी कृती आहे. शासनाचे अनुदान घेणाऱ्या संस्थांसह सर्व शासकीय आस्थापनांनी तक्रार निवारण अधिकारी नेमावा, त्याने तक्रारींची नोंदवही ठेवावी, नोंदीपासून दोन आठवड्यांत चौकशी करावी, आणि त्याच्या कृतीने समाधान न झाल्यास तक्रारदाराला जिल्हास्तरीय समितीकडे जाता यावे, अशी 2016 च्या कायद्याची रचना आहे. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनी विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि लोकपाल यांची तरतूद केली आहे. अर्ज करणारा ‘मिळावे’ म्हणतो, तक्रार करणारा ‘मिळायला हवे होते’ म्हणतो. भरणावर जगणाऱ्याने कृतज्ञ राहावे अशी अपेक्षा असते, म्हणून त्याची तक्रार कृतघ्नपणासारखी ऐकू येते; वाटेकऱ्याची तक्रार मात्र हिशेबाची विचारणा असते.

या ठिकाणी कर्मसिद्धांताचा आक्षेप पुढे येतो. शरीराचे व्यंग हे प्रारब्ध, म्हणजे पूर्वकर्मांपैकी ज्याचे फळ या जन्मात भोगायला सुरुवात झाली आहे तो भाग, असे मानले तर त्यात समाजाने ढवळाढवळ का करावी, असे उघडपणे कोणी म्हणत नसले तरी अनेकांच्या मनात ते असते. डॉ. आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माने वर्तमानातील दैन्याचा उलगडा करणाऱ्या मतावर टीका करताना, अशा मताचा उपयोग राज्य आणि समाज यांना जबाबदारीतून सुटण्यापुरताच होतो, असे प्रतिपादन केले. कर्मसिद्धांत न सोडणाऱ्यालाही याला उत्तर देता येत नाही, कारण डोळ्यांचे अधूपण प्रारब्ध म्हणता येईल, पण उद्वाहक नसलेली तीन मजली इमारत हे कोणत्याही विद्यार्थ्याच्या पूर्वजन्माचे फळ नसून, ती निविदा काढून, आराखडा मंजूर करून बांधलेली असते. शास्त्राच्याच भाषेत ते क्रियमाण कर्म, म्हणजे आज घडत असलेले कर्म आहे, आणि त्याचे कर्तृत्व संस्थेकडे जाते. 1970 च्या दशकात ब्रिटनमधील दिव्यांगांच्या चळवळीने शरीरातील उणीव आणि समाजाने उभा केलेला अडसर यांत केलेला भेद हाच आहे.

सर्वाधिक संशय लेखनिकाभोवती दाटतो. केंद्र शासनाच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी दर तासाला किमान 20 मिनिटे भरपाईचा वेळ आणि लेखनिकाची सोय मान्य केली, पण विद्यार्थ्याने स्वतः आणलेल्या लेखनिकाची पात्रता त्याच्यापेक्षा एक पायरी खालची असावी अशी अटही घातली. लिहिणारा उत्तरे सांगेल ही भीती त्यामागे आहे आणि ती सर्वस्वी निराधार नाही. तरीही ज्या भाषेचे आद्य वैभव सांगितले आणि लिहून घेतले गेले, त्या मराठीत या भीतीने लेखनिकाची सोयच बाजूला सारावी हे चमत्कारिक आहे. ज्ञानेश्वरीचे लेखनिक म्हणून सच्चिदानंदबाबांचे नाव परंपरेने आदराने सांभाळले, परंतु त्यांना ग्रंथकार मानले नाही. आजच्या जालना जिल्ह्यातील जांब येथे जन्मलेल्या समर्थ रामदासांचा दासबोध कल्याणस्वामींनी लिहून घेतला, असे संप्रदाय सांगतो; त्यामुळे दासबोधावरचे समर्थांचे स्वामित्व उणावत नाही. ज्ञानेश्वर आणि समर्थ या दोघांना दृष्टी होती. विदर्भातील गुलाबराव महाराजांची (1881–1915) दृष्टी मात्र तान्हेपणीच गेली होती, आणि त्यांनी वेदान्त, भक्ती, संगीत, व्याकरण अशा विषयांवर शंभरावर रचना इतरांकडून लिहून घेतल्या. प्रज्ञाचक्षू ही त्यांची ओळख कोणत्याही सवलतीतून आलेली नाही. ग्रंथाचे कर्तृत्व हातात नसून बुद्धीत असते हे मान्य असेल, तर परीक्षा नेमके काय मोजते, याचे उत्तर विद्यापीठाने आधी द्यायला हवे. हस्ताक्षर आणि वेग हेच मोजायचे असतील तर ते तसे जाहीर करावे लागेल. विषयाचे आकलन मोजायचे असेल तर लेखनिक हा त्या मापनाचा भाग आहे, अपवाद नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी लेखन-विकार असलेल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, 40 टक्के दिव्यांगत्वाची अट लेखनिकासाठी लावता येणार नाही असे ठरवले, तेव्हा त्यामागे हाच विचार होता.

टक्केवारीचा हा आग्रह ज्ञानमीमांसेकडे, म्हणजे ज्ञान खरे कशावरून ठरते या चर्चेकडे नेतो. न्यायदर्शनात शब्द हे स्वतंत्र प्रमाण असून, आप्ताचे वचन प्रमाण मानले जाते. आप्त म्हणजे ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो, आणि हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असे भाष्यकार वात्स्यायन म्हणतो. या कसोटीने पाहता वाचन-अक्षमता, अपस्मार किंवा मनोविकार यांसारख्या डोळ्यांना न दिसणाऱ्या स्थितीविषयी विद्यार्थ्याचे निवेदन हे आरंभीचे प्रमाण ठरते. ते अंतिम नव्हे, कारण सांगणाऱ्याच्या सचोटीची परीक्षा न्यायदर्शनालाही मान्य आहे. वैद्यकीय प्रमाणपत्राला तेथे जागा आहे, पण त्या व्यक्तीला काय करता येते हे आकड्यावरून कळत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये महाराष्ट्रातील वाचा-भाषा दिव्यांगत्व असलेल्या एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, केवळ ठरावीक टक्केवारी ओलांडली म्हणून अपात्र न ठरवता प्रत्यक्ष कार्यक्षमता तपासावी, असा निर्णय दिला.

वारकरी परंपरेतील कूर्मदासाची कथा या संदर्भात नेहमी सांगितली जाते. पैठणचा हा हातपाय नसलेला भक्त पंढरीकडे सरपटत निघाला, एकादशीपूर्वी पोहोचणे अशक्य झाले, आणि लऊळ गावी विठ्ठलच त्याला भेटायला आला. अंतर कोणी तोडायचे, या प्रश्नाचे इतके निःसंदिग्ध उत्तर अन्यत्र क्वचितच मिळेल. पण या कथेचा आधार हक्कासाठी घेताना सावध राहावे लागते: विठ्ठल भक्तीने धावला, कूर्मदासाने तक्रार केली नव्हती, आणि भक्ती थोडी कमी असती तर तो आला नसता असाही तिचा अर्थ निघतो. सुविधेसाठी विद्यार्थी गुणवान, नम्र किंवा प्रेरणादायी असण्याची गरज नाही. आळशी विद्यार्थ्यालाही उतार-मार्गाचा तितकाच अधिकार आहे. कृपेच्या कथा हे सांगू शकत नाहीत, आणि त्यांच्याकडून ती अपेक्षाही करू नये.

उरतो तो अवाजवी भाराचा मुद्दा, आणि तो खरोखरच अवघड आहे. तालुक्याच्या गावातील एखाद्या लहान महाविद्यालयाला उद्वाहक बसवणे परवडणार नाही हे खरे असू शकते. परंतु त्याच महाविद्यालयाला वेळापत्रक बदलून वर्ग खाली आणणे परवडते, आणि पहिल्या अशक्यतेच्या आड दुसरी शक्यता लपवली जाते. कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार भेदभाव करणारी कृती उचित उद्दिष्टासाठीचा प्रमाणबद्ध उपाय आहे असे दाखवले गेले तर ती क्षम्य ठरते. ही पळवाट रुंद आहे, तरी दाखवण्याचे ओझे संस्थेवर आहे, तक्रारदारावर नाही. ‘निधी उपलब्ध नाही’ एवढे एक वाक्य म्हणजे दाखवणे नव्हे. किती निधी होता, तो कशावर खर्च झाला आणि कमी खर्चाचे कोणते पर्याय तपासले, हे निवारण अधिकाऱ्याने नोंदवहीत लिहून घ्यायला हवे. तो अधिकारी त्याच संस्थेचा नोकर असतो, त्यामुळे त्याने ते लिहून घेतले नाही तर जिल्हा समितीपुढे तक्रारदाराकडे स्वतःच्या अर्जाच्या पोचपावतीखेरीज दुसरा कागद नसतो.