दोर किती बळकट असावा?

गळ टाकायला निघालेल्या माणसाला दुकानदार आधी विचारतो, "तंगूस कितीचा देऊ?" मिलिमीटरचा आकडा सांगायचा, पैसे द्यायचे, निघायचं. पण भीमेच्या काठी, उजनीच्या फुगवट्यावर मरळ धरण्यात माझी चाळीस वर्षं गेली, आणि मला हा प्रश्न दिसतो तेवढा साधा कधी वाटला नाही. माशाला तोडता यावा असा दोर घ्यावा, की तुटूच नये असा?

आमच्या थोरल्यांना ही निवड फारशी नव्हती. सुताचा दोर वळायचा, बाभळीच्या सालीच्या काढ्यात उकळायचा, म्हणजे पाण्यात लवकर कुजत नाही. वापरून झाला की सावलीत वाळवायचा. एवढं करूनही वर्षा-दोन वर्षांत तो जायचाच. पुढं १९३८ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीनं नायलॉन जगापुढं आणलं आणि ते फिरत फिरत तंगूस होऊन आमच्या आठवडी बाजारात पोचलं. आता त्याच्या जोडीला आणखी दोन जाती मिळतात.

साधा तंगूस ताणतो. माशाचा हिसका थोडा तोच पिऊन टाकतो, हाताला सांभाळून घेतो. मात्र उन्हात पडून राहिला की ठिसूळ होतो. दुसरा फ्लोरोकार्बनचा. तो पाण्यात कमी दिसतो, जड असल्यानं तळाला जातो आणि घासलं तरी लवकर कातरत नाही. पण अंगानं ताठ, गाठ जपून मारावी लागते. तिसरा विणलेला. सुतासारखा बारीक, ताकद दांडगी, ताण जवळजवळ नाही, आणि पाण्यावर तरंगतो. अमेरिकेतले लोक बास नावाच्या माशासाठी हे तिन्ही वापरतात. त्या बासचा स्वभाव आपल्या मरळीसारखाच: गवताच्या आडोशाला दबा धरून बसायचं आणि एकदम झडप घालायची. म्हणून दाट गवतात विणलेला, नितळ पाण्यात फ्लोरोकार्बन आणि मोकळ्या पाण्यात साधा तंगूस, हा हिशेब आपल्याकडंही चालतो. कुठलाही घ्या, गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली करायची. कोरडी आवळली की दोर तिथंच भाजतो.

इथवर झालं कसबाचं. आता मनाचं.

आमच्यातले काही जण म्हणतात, "दोर बारीकच असावा. आपण काठावर, हातात गळ, डोक्यात अक्कल. जिवाला काही तरी संधी नको?" ऐकायला हे फार बरं वाटतं. पण बारीक दोर तोडून गेलेली मरळ सुटते का? गळ तिच्या जबड्यात असतो आणि मागं चार-पाच हात दोर लोंबत असतो. १९८० साली धरण पुरं झालं, तेव्हा आमची रानं, विहिरी, बांधावरच्या बाभळी पाण्याखाली गेल्या. त्या बाभळींच्या बुडख्यांना हा दोर अडकतो. मरळ श्वास घ्यायला पाण्यावर येणारा मासा. बांधली गेली तर तिथंच गुदमरते. तिला आपण संधी दिली म्हणायचं आणि घरी येऊन शांत झोपायचं. सुख झालं ते आपल्या मनाला.

बैलाला दया म्हणून कोणी कच्च्या दाव्यानं बांधत नाही. रात्री दावं तुटतं, बैल कुणाच्या तरी उभ्या पिकात शिरतो आणि मार खातो. दया करायची तर वेळेवर पाणी दाखवा, मानेला खांदा आला असेल तर जू लावू नका. दाव्यात ढिलाई ठेवणं ही दया नव्हे.

मग दोर जाडजूड घेतला की काम झालं? तसंही नाही. फार बळकट दोर बुडख्यात अडकला की ओढून तुटत नाही. माणूस कंटाळतो, हातापाशी चाकू लावतो आणि वीस-तीस हात दोर पाण्यात सोडून देतो. सुताचा होता तोवर तो कुजून मातीला मिळायचा. हा कुजत नाही. काठावरच्या बगळ्यांच्या पायांत त्याचे वेढे मी पाहिले आहेत. बगळ्यानं तर गळाला तोंडही लावलेलं नसतं.

म्हणून माझा नेम असा. मुख्य दोर भक्कम. गळाजवळचा हातभर तुकडा त्याहून थोडा कमी ताकदीचा, पण मरळीच्या हिसक्याला आणि दातांना पुरून उरेल एवढा. दोन-तीन किलोच्या मरळीला साधारण आठ-दहा किलोचा ताण सोसणारा तुकडा लागतो. अडकला तर तो तेवढाच तुटतो, बाकीचा दोर परत येतो. आणि जुना तंगूस काठावर टाकायचा नाही, गुंडाळून घरी न्यायचा.

राहिली माशाची संधी. ती दोर विकत घेण्याच्या आधी द्यायची असते. पावसाळ्यात मरळीची पिल्लं तांबड्या घोळक्यानं पाण्यावर फिरतात आणि खाली आई-बाप राखण करत असतात. त्या घोळक्यात काहीही पडलं की ते चवताळून धावतात, भूक असो वा नसो. तेव्हा गळ टाकला तर मरळ हमखास मिळते. त्या वेळी टाकायचा नाही. दोर बारीक की जाड हा प्रश्न त्या दिवशी उद्भवतच नाही.

माझे चुलते माळकरी. त्यांना हे सगळं ऐकवलं तेव्हा ते म्हणाले, "लेका, एवढा विचार करतोस, तर धरतोस कशाला?" तात्यांना माझ्याकडं अजून पुरतं उत्तर नाही. मी खाणारा माणूस आहे आणि जे खातो ते कुणाचा तरी जीव घेऊन येतं, एवढं मला कळतं. पण गळ लागला त्या क्षणापासून तो जीव माझ्या जबाबदारीत आला, हेही कळतं. त्याला काठावर आणायचं, एका घावात संपवायचं आणि वाया घालवायचं नाही. एवढी जबाबदारी पेलेल असा दोर घ्यावा. दुकानदाराला सांगायचा आकडा त्यावरून ठरतो.