पाठमोरे आणि समोरासमोरचे

१९७३ साली बाबा आमट्यांनी गडचिरोलीतील हेमलकशास लोकबिरादरी प्रकल्प आरंभिल्यापासून या मुलखात शहरी माणसांचा राबता वाढला, आणि त्यांच्या पाठोपाठ कॅमेरेही आले. माडिया आदिवासी स्त्रीपुरुषांचे चेहरे शेकडो पृष्ठांवर छापले गेले, पण त्यांखाली ‘आदिवासी युवती’ यापलीकडे नावगाव घालण्याची तसदी क्वचितच कोणी घेतली. शेजारच्या बस्तरातील घोटुल या युवागृहावर मानवशास्त्रज्ञ एल्विनसाहेबांनी १९४७ साली ग्रंथ लिहिला. पुढे अनेकांनी त्या संस्थेचे शिस्तीचे, शिक्षणाचे अंग सोडून तिच्यातल्या कामजीवनाचेच तेवढे कुतूहल जपले.

या संदर्भात सुनील गुप्ता या छायाचित्रकाराचे काम मला फार बोलके वाटते. १९५३ मध्ये दिल्लीत जन्मलेल्या, १९६९ मध्ये कुटुंबासह माँट्रियलला गेलेल्या आणि १९७६ साली न्यू यॉर्कच्या क्रिस्टोफर स्ट्रीटवर समलिंगी पुरुषांची निर्भय वर्दळ टिपलेल्या या गृहस्थांनी १९८६-८७ मध्ये दिल्लीस येऊन ‘एक्झाइल्स’ ही मालिका केली, तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे दंडविधानाचे ३७७ वे कलम अंमलात होते. साहजिकच हुमायूनची कबर, इंडिया गेट अशा सर्वपरिचित स्थळी उभे राहिलेले त्यांच्या चित्रांतले अनेक इसम पाठमोरे आहेत. मात्र चित्राशेजारी शब्द आहेत ते त्यांच्याच तोंडचे. येथे चेहरा लपला तो ज्याचा होता त्याच्या मर्जीने. माडियाचा चेहरा उघडा राहिला आणि नाव मात्र आपण गिळले.

१९८८ साली ब्रिटिश सरकारने एका कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमात समलिंगी संसारास ‘ढोंगी कौटुंबिक नाते’ ठरविले, तेव्हा गुप्तांनी तेच शब्द आपल्या एका नव्या मालिकेच्या माथ्यावर घेतले. इकडे हेमलकशात बाबांचे पुत्र डॉ. प्रकाश आमट्यांच्या अंगणात बिबट्याची अनाथ पिल्ले घरची झाली, याचे आपण भरल्या कंठाने कौतुक करतो. दोन पुरुषांनी एक चूल मांडली तर तेवढे औदार्य आपल्या गाठी उरत नाही.

स्थलांतराचेही तसेच. गुप्तांच्या कुटुंबाचे देशांतर चित्रांत नोंदले गेले. उन्हाळ्याच्या तोंडाशी गडचिरोलीतून तेलंगणात मिरची तोडायला जाणाऱ्या, लेकराबाळांसह टेम्पोत कोंबलेल्या कुटुंबांचा दाखला कोणत्या अल्बमात आहे?

२००७ च्या सुमारास गुप्तांनी दिल्लीत ‘मिस्टर मल्होत्राज पार्टी’ ही मालिका हाती घेतली. समलिंगी मंडळींच्या मेजवान्यांसाठी जागा एका काल्पनिक यजमानाच्या नावे राखली जाई, त्यावरून हे शीर्षक आले; चित्रांतली माणसे मात्र भर रस्त्यात, स्वतःच्या खऱ्या नावानिशी, थेट भिंगात पाहत उभी आहेत. ३७७ व्या कलमातून परस्परसंमतीचे संबंध सर्वोच्च न्यायालयाने वगळले ते २०१८ मध्ये. म्हणजे माणसे कायद्याच्या अकरा वर्षे आधीच वळून उभी राहिली होती.

भामरागडच्या आठवडी बाजारात आता माडिया पोरे आपल्याच माणसांचे फोटो मोबाइलवर काढतात. ती चित्रे उद्या पुण्या-मुंबईच्या मासिकांकडे येतील, तेव्हा त्यांखाली काय छापावे हे संपादकांनी त्या पोरांनाच विचारावे, आणि मानधनही त्यांच्याच नावे धाडावे.