घडणावळीतली सूट

मुलगी एकवीस वर्षांची झाली की तिच्या गळ्यात सोन्याची साखळी, हे तिच्या बारशालाच सासूबाईंनी ठरवून टाकलं होतं. त्या आता नाहीत, पण शब्द राहिला. म्हणून एका शनिवारी मी आणि आमचे हे बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टरमध्ये गेलो. व्हाइस स्ट्रीटवर दुकानाला लागून दुकान. दाराबाहेरची घंटा दाबायची, आतला रखवालदार काचेतून आपल्याला न्याहाळतो, मग कडी सुटल्याचा आवाज येतो.

साखळी पसंत पडली. अठरा कॅरेट, 640 पौंड. पैसे काढणार एवढ्यात काउंटरवरची छोटी पाटी दिसली: 'की वर्कर्स'ना दहा टक्के सूट. मी पर्समधून रुग्णालयाचं ओळखपत्र काढलं. यांनीही गंमत म्हणून आपला बसचालकाचा पास पुढे केला. काउंटरमागच्या बाईंनी यादीवरून बोट फिरवलं. रुग्णालय, पोलीस, अग्निशमन दल, सैन्य, शाळा. बसचालक त्यात नव्हते. बाई ओशाळल्या. हे मला मराठीत म्हणाले, "की म्हणजे चावीच ना? मग पहाटे चारला बसला चावी कोण लावतं, विचार त्यांना." मी हसले, आणि का कुणास ठाऊक, "बाजूला ठेवा, सोमवारी येते," असं सांगून बाहेर पडले.

चौसष्ट पौंड. त्यानं मी श्रीमंतही होणार नव्हते आणि गरीबही. तरी तो आकडा दोन दिवस डोक्यातून जाईना. ही सूट मला नेमकी कशाबद्दल? आणि ती घेतली तर ज्याबद्दल मिळाली, त्या कामाचं काय होतं?

मार्च 2020 मध्ये इथल्या शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्यांच्या मुलांना शाळेत येऊ द्यायचं अशा कामकऱ्यांची यादी सरकारनं काढली. तिच्यात आम्ही नर्सा होतो, तसेच धान्य पोचवणारे, बस-रेल्वे चालवणारे आणि मृतांची व्यवस्था पाहणारेही होते. म्हणजे सरकारच्या यादीत आमचे हे होते. दुकानाच्या यादीपर्यंत येताना गळले. त्या वर्षी 26 मार्चपासून दहा आठवडे, दर गुरुवारी रात्री आठला लोक दारात उभे राहून टाळ्या वाजवत. त्याआधी चारच दिवस, 22 तारखेला, विट्याजवळच्या आमच्या गावी आईनं परात वाजवली होती. तिनं फोन परातीजवळ धरून मला ऐकवलं होतं.

टाळ्यांचं मला वाईट वाटलं नाही. पण त्या दिवसांतलं मला टाळ्या आठवत नाहीत, पाकिटं आठवतात. पेशंट गेला की त्याच्या अंगावरच्या वस्तूंची नोंद करून त्या पाकिटात घालायच्या. अंगठी असेल तर नोंद काय करायची, तर 'पिवळ्या धातूची अंगठी, एक'. सोन्याची म्हणून लिहायचं नाही. आपण पारखी नाही, उद्या नातेवाइकांनी सोनं म्हणून दावा केला तर? नियम शहाणाच आहे. फक्त मी गलायाची मुलगी. बावीस कॅरेट कुठलं आणि इथलं नऊ कॅरेट कुठलं, हे मला हातमोज्यातूनही कळतं. पंचावन्न वर्षं बोटात राहून आतल्या बाजूनं झिजलेली अंगठी मी काढायची आणि लिहायचं, पिवळा धातू.

खानापूर-आटपाडी या आमच्या दुष्काळी भागातली माणसं सोनं गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगली. माझे वडील, आण्णा, कोइमतूरला होते. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही जायचो, तेव्हा त्यांच्या भट्टीशी बसून मी ते काम पाहिलं आहे. जुने दागिने मुशीत वितळवायचे, त्यात मुद्दाम चांदी मिसळायची, मग तेजाबात उकळायचं. चांदी, तांबं, सगळं हीण तेजाबात विरघळून जातं आणि तळाशी उरतं ते सोनं. पण ते पिवळं नसतं. तपकिरी, भुगभुगीत, मातीसारखं. ते पुन्हा वितळवलं की पिवळं होतं. लहानपणी मी एकदा ते ओतूनच देणार होते, मातीच आहे म्हणून. आण्णांनी मनगट धरलं ते अजून आठवतं.

त्याच भट्टीशी त्यांनी मला राका कुंभार आणि बांकेची गोष्ट सांगितली होती. पंढरपूरचं हे भक्त जोडपं रानात लाकडं वेचायला चाललेलं. राका पुढे, बांका मागे. राकाला वाटेत सोनं दिसलं. बायकोचा जीव त्यात गुंतेल म्हणून त्यानं घाईघाईनं त्यावर माती लोटली. बांकेनं विचारलं, काय करताय? कळल्यावर ती म्हणाली की मातीवर माती टाकून काय उपयोग. गोष्ट सांगून झाल्यावर आण्णा नेहमी हसायचे, कारण त्यांच्या भांड्याच्या तळाशी तेव्हा खरोखरच मातीसारखं सोनं असायचं.

शनिवारी दुकानातून मी बाहेर पडले तेव्हा मी राका होते, हे मला रविवारी उमगलं. सूट नाकारावी असं वाटलं, त्यात विरक्ती कसली? माझं काम चौसष्ट पौंडांहून मोठं आहे, असं मला त्या बाईंना सुनवायचं होतं. घेणाऱ्याच्या हातात तराजू असतो, तसाच नाकारणाऱ्याच्याही. फरक इतकाच, की नाकारणाऱ्याच्या पारड्यात त्याचं मोठेपण असतं आणि ते सोन्याहून जड भरतं. राकाला सोनं सोनंच दिसत होतं, म्हणून तर माती लोटावी लागली. बांकेच्या पायरीवर मी नाही. मला सोनं आवडतं, पाटल्यांचा आवाज आवडतो. वॉर्डात कोपराखाली काही घालायचं नाही असा आमचा नियम, साधं वळं तेवढं चालतं. त्यामुळे माझे दागिने वर्षातून चार दिवस उजेड पाहतात. तरी मला ते हवे असतात.

दुसरी अडचण आमच्या आचारसंहितेची. इथल्या नर्सेसच्या नियमांत स्पष्ट आहे की अगदीच किरकोळ सोडून कुठलीही भेट किंवा मेहेरबानी स्वीकारू नये, कारण त्यातून कुणाला झुकतं माप मिळतंय असा अर्थ निघू शकतो. चॉकलेटचा डबा चालतो, पाकिटातली नोट नाही. पण हा दुकानदार माझा पेशंट नाही. त्याला माझ्याकडून वाकडीतिकडी मदत नको आहे, त्याला साखळी विकायची आहे.

इथे मला गीतेचा सतरावा अध्याय आठवला. तिथे दानाचे तीन प्रकार आहेत. द्यायला हवं म्हणून, ज्याच्याकडून परतफेड होणार नाही अशाला, योग्य जागी योग्य वेळी दिलेलं ते सात्त्विक. परतफेडीवर किंवा फळावर डोळा ठेवून, जड मनानं दिलेलं ते राजस. अवेळी, अपात्राला, अपमान करून दिलेलं ते तामस. दुकानाची सूट राजसात बसवायला मी निघाले होते, आणि मग लक्षात आलं की दुकानदारानं दान केल्याचा दावाच केलेला नाही. त्याच्या पाटीवर एक भाव होता. दान, कृतज्ञता, ऋणफेड हे सगळं मी माझ्या पदरचं त्यावर चढवलं. आपल्या भाषेत उतराई होणं असा शब्द आहे. पण उतराई ज्याच्यावर उपकार झाले त्यानं व्हायचं असतं. त्या बाईंवर माझे कसले उपकार होते?

फळाचं मात्र वेगळं. कर्मावर अधिकार, फळावर नाही, हे गीतेतलं वचन नर्सच्या तोंडावर जितक्या वेळा फेकलं जातं तितकं कुणाच्याच नसेल. तिकडे मिरजेला शिकत होते तेव्हाही ऐकलं, 15 डिसेंबर 2022 ला इथे आमच्या संघटनेनं संप केला तेव्हाही, गावाकडच्या एका नातेवाइकानं फोनवर ऐकवलं. सेवेचं व्रत घेतलंय आणि पगार कसला मागता? त्या दिवशी थंडीत फलक धरून उभी असताना मला त्याचं उत्तर सुचलं नाही. आता सुचतं. ते वचन करणाऱ्याला सांगितलेलं आहे, करवून घेणाऱ्याला नाही. मी फळात जीव गुंतवू नये, हे माझ्यापुरतं खरं. म्हणून समोरच्यानं फळ स्वतःच्या झोळीत टाकावं, असं श्रीकृष्णानं कुठे म्हटलंय? ज्यांनी द्यायचं त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांनी सूट दिली, म्हणून हिशेब मिटत नाही.

सोमवारी पाळी संपवून गेले. दार उघडताना रखवालदाराला विचारलं, 2020 मध्ये काम चालू होतं का? "रोज," तो म्हणाला. "सुपरमार्केटच्या दारात." त्या वर्षी मे महिन्यात इथल्या सांख्यिकी कार्यालयानं कोविडच्या मृत्यूंची व्यवसायवार आकडेवारी काढली होती. पुरुषांत ज्या कामांत मृत्यूंचं प्रमाण जास्त निघालं त्यांत टॅक्सी आणि बस चालवणारे होते, आणि रखवालदार होते. दोघेही पाटीवरच्या यादीत नव्हते. मला पुढे काही बोलायला सुचलं नाही. तोच म्हणाला, "आत या, बाहेर वारा आहे."

मी कार्ड दाखवलं, सूट घेतली, 576 पौंड दिले. कुणी माझे आभार मानताहेत असं समजून घेतली नाही. बाजारात भाजी घेताना मिळालेली कोथिंबीर घेतो, तशी घेतली.

रात्री आण्णांना व्हिडिओवर साखळी दाखवली. कडीजवळचे शिक्के भिंगानं मोठे करून फोनसमोर धरले. घडवणाऱ्याचं चिन्ह, मग 750, मग नांगर. बर्मिंगहॅमच्या कस तपासणाऱ्या कचेरीचं ते चिन्ह. कचेरी 1773 ची. त्याआधी इथल्या कारागिरांना माल तपासायला चेस्टरला किंवा लंडनला पाठवावा लागे. आण्णांना नांगर दिसला तो शेतातला नव्हे, जहाजाचा. त्यांनी विचारलं, "तितं समुद्र हाय व्हय?" म्हटलं, नाही, समुद्र लांब आहे. त्यांना ते भारी पटलं.

"कितीला पडली?"

सांगितलं. सूटही सांगितली.

"सूट सोन्यावर दिली का घडणावळीवर?"

"इथं वेगळं करत नाहीत आण्णा. सगळं मिळून एकच किंमत."

"मंग घडणावळीवरच," ते म्हणाले. "सोन्याला सूट नसती. राजा येऊ दे न्हाईतर रामोशी, त्या दिवसाचा जो भाव त्यो भाव. सराफ सोडतोय ती मजुरी. आनि ही साखळी उद्या माज्यासारख्याच्या मुशीत गेली, तर तुजी सूट बी जाईल आन् घडणावळ बी. तीन भाग सोनं ऱ्हाईल, एक भाग हीण."

फोन ठेवला आणि मला दोन दिवसांचा गुंता सुटल्यासारखा वाटला. आमच्या कामातही घडणावळ आहे. गणवेश, पाळी, पगार, ओळखपत्र, टाळ्या, संप. त्यावर भांडता येतं, भांडावंच; त्यात सूट मिळते, कापलंही जातं, कुणाला मिळतं, कुणाला नाही. पण पहाटे तीनला कुणाच्या बोटातून अंगठी अलगद काढताना जे असतं, ते घडणावळीत येत नाही. त्याच्यावर दहा टक्के सूट देणं कुणाला जमणार नाही आणि ती नाकारणं मलाही जमणार नाही. नोंद करायची वेळ आली तर मलाही त्याला नाव देता येणार नाही.

मुलीनं वाढदिवसाला डबी उघडली. साखळी हातावर घेऊन तोलली, आजोबांसारखी. "आई, खरं सोनं आहे ना?"

मी म्हटलं, "पिवळ्या धातूची साखळी, एक. इथे सही कर."