प्रयोगशाळेच्या शेजारी कोण राहतं?

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि जगभरच्या डॉक्टरांची पावलं या शहराकडे वळली. व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीने पुढच्या वर्षी आपलं पथक धाडलं. त्यातले डॉ. हेर्मान म्युलर मुंबईत रोगी तपासत राहिले, त्यांना काही झालं नाही, आणि पथक प्लेगचे जंतू घेऊन सुखरूप मायदेशी परतलं. घात झाला तो तिथे. ऑक्टोबर १८९८मध्ये व्हिएन्नाच्या प्रयोगशाळेतला मदतनीस फ्रान्झ बारिश प्लेगने गेला. त्याच्यावर उपचार करणारे म्युलर पाचच दिवसांनी गेले. शुश्रूषा करणारी परिचारिकाही वाचली नाही.

असले जंतू पाळायचेच कशाला, असं तेव्हा कुणालाही वाटलं असतं. पण हेच जंतू मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी पोषक द्रवात, वर तूप सोडून, मुद्दाम वाढवले होते. मग उष्णतेने मारून त्यांची लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. सरसकट बंदी असती तर व्हिएन्नात तीन जीव वाचले असते, आणि मुंबईला लस मिळाली नसती.

तेव्हा खरा प्रश्न संशोधन कुठे, कुणाच्या देखरेखीखाली आणि कुणाच्या शेजारी चालतं, हा आहे. बर्मिंगहॅमने त्याची किंमत मोजली. देवीचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण सोमालियात ऑक्टोबर १९७७मध्ये सापडला. पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या मेडिकल स्कूलमधल्या छायाचित्रकार जॅनेट पार्कर देवीने दगावल्या. त्यांची खोली देवीच्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर होती. विषाणू त्यांच्यापर्यंत कसा पोचला, हे आजही निश्चित झालेलं नाही. प्रयोगशाळेचे प्रमुख हेन्री बेडसन यांनी आत्महत्या केली. जागतिक आरोग्य संघटनेने तिथल्या त्रुटी आधीच दाखवल्या होत्या. प्रयोगशाळा त्या वर्षअखेर बंद व्हायचीच होती.

आज देवीचे अधिकृत साठे दोनच ठिकाणी आहेत, अमेरिकेत अटलांटाला आणि सायबेरियात कोल्त्सोव्होला. पण कुलूप पुरेसं नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या डेव्हिड एव्हान्स यांच्या गटाने देवीच्या विषाणूचा नातलग असलेला घोड्यांचा हॉर्सपॉक्स विषाणू कंपनीकडून मागवलेल्या डीएनएच्या तुकड्यांतून उभा केला. २०१८मध्ये कृतीसह शोधनिबंध छापूनही आला. तो छापायला नको होता, असं म्हणणारे शास्त्रज्ञ होते, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. तरी छापलेली विद्या परत घेता येत नाही. पहारा ठेवायचा तर तो डीएनए विकणाऱ्या कंपन्यांच्या ऑर्डरींवर.

पहारा कुणी ठेवायचा? शास्त्रज्ञांनी स्वतः, हे उत्तर १९७५मध्ये कॅलिफोर्नियात असिलोमारला मिळालं. जनुकं जोडण्याचे काही प्रयोग पॉल बर्ग आणि सहकाऱ्यांनी आधीच स्वखुशीने थांबवले होते. असिलोमारला त्यांनी नियम आखले. कौतुक करावं असंच ते होतं. पण त्या खोलीत शेजारी नव्हते.

ते आले केंब्रिजमध्ये, अमेरिकेतल्या. हार्वर्डला अशाच प्रयोगांसाठी नवी प्रयोगशाळा हवी होती, आणि १९७६च्या उन्हाळ्यात महापौर आल्फ्रेड वेलुची यांनी भर सभेत प्राध्यापकांना फैलावर घेतलं. वेलुची जरा नाटकीच गृहस्थ. तरी शहराने पुढे जे केलं ते नाटकी नव्हतं. प्रयोग थांबवून एक नागरिक समिती नेमली. त्यात तेलाचा व्यापारी, नर्सचं काम करणारी नन, समाजसेविका, इंजिनिअर, डॉक्टर अशी माणसं होती. जनुकतंत्राचा तज्ज्ञ त्यात एकही नव्हता. महिनोन्‌महिने त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, प्राध्यापकांना उलटसुलट विचारलं आणि १९७७च्या सुरुवातीला निकाल दिला: संशोधन होऊ द्या, पण सरकारी नियमांहून कडक अटींवर. तसा स्थानिक कायदा झाला. त्याने शहराचं विज्ञान मेलं म्हणावं, तर तेच केंब्रिज आज बायोटेक कंपन्यांचं जगातलं एक मोठं केंद्र आहे. कुठे काय चालेल हे कायद्यात लिहिलेलं असलं, की कंपन्यांनाही ते सोयीचंच जातं.

आपल्याकडे पुण्यात पाषाणला राष्ट्रीय विषाणू संस्थेची सर्वोच्च सुरक्षा पातळीची प्रयोगशाळा आहे. ती हवीच. घातक सूक्ष्मजीव आणि जनुकबदल केलेले जीव हाताळण्याबाबत १९८९चे केंद्रीय नियमही आहेत, आणि त्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समितीची तरतूद आहे. त्या समितीचं काम अशा ठिकाणांची पाहणी करण्याचं आणि आणीबाणीची योजना तयार ठेवण्याचं. मात्र तिच्या सदस्यांची यादी अधिकाऱ्यांची आहे. केंब्रिजसारखी नागरिकांची खुर्ची त्यात असायला हवी. ती मिळेपर्यंत वाचकांनी निदान एवढं करावं: आपल्या जिल्ह्यात ही समिती शेवटची कधी भरली, हे माहितीच्या अधिकारात कलेक्टर कचेरीला विचारावं.