राघूला सोडायचं कधी?

"याला सोडणार कधी?" मी विचारलं. एका घरातून सोडवून आणलेला राघू जाळीला चोच लावून 'मिठू, मिठू' करत होता.

पक्ष्यांच्या डॉक्टरांनी त्याला टॉवेलात धरून एक पंख पसरून दाखवला. उडायची पिसं मुळाशी कापलेली. "कापलेलं पीस वाढत नाही. जुना दांडा गळून नवं यावं लागतं, त्यात वर्षही जातं. पण खरी काळजी छातीची. हात लावून बघा." मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं बोटाला लागलं. वर्षानुवर्षं हातभर पिंजरा, खायला मिरची आणि भिजवलेली डाळ. उडायचे स्नायू राहणार कुठून?

"मोठ्या जाळीघरात ते भरून येतील ना?"

"येतील. उंबर, पिंपळाची फळंही खायला शिकेल. पण माणूस दिसला की हा मान पुढे करून खाजवून मागतो. बाहेर सोडला तर पहिल्या खिडकीत जाऊन बसेल. तिथे मांजर असलं म्हणजे संपलं."

"म्हणून आतच ठेवायचं? आत सुरक्षित आहे, असं त्याचा मालकही म्हणत असेल."

डॉक्टर गप्प झाले. या प्रश्नाला बगल देता येत नाही, देऊही नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपले देशी पोपट पाळणं गुन्हा आहे. कायदा त्याला पिंजऱ्यातून काढतो. पुढे त्याने पोपट म्हणून जगायचं कसं, ते कोणीतरी शिकवावं लागतं.

"मालकाने त्याला स्वतःच्या करमणुकीसाठी ठेवला," ते म्हणाले. "मी ठेवेन तो इतर पोपटांत, माझी गरजच पडू नये अशा बेताने. जाळीघराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धाप न लागता उडू लागला, शिक्रा दिसताच बाकीच्यांबरोबर दडला, की सोडेन."

"आणि नाहीच जमलं तर?"

"तर तो जगेल तितकी वर्षं सांभाळेन. वीस म्हणा, पंचवीस म्हणा."

"सोडला आणि महिन्याभरात मेला तर?"

"निदान मोकळा मेला, असं म्हणून मी मनाची समजूत घालणार नाही."

मला त्यांचं पटलं. दार उघडल्याचं पुण्य आपल्या पदरात लगेच पडतं. नंतरची भूक, पाऊस आणि मांजर त्याच्या वाट्याला येतात. त्याची तयारी झाली का, एवढंच पाहावं.

तुमच्या घरी पोपट असेल, तर मनाला टोचणी लागली म्हणून त्याला गच्चीवरून उडवून देऊ नका. वनविभागाला १९२६ या क्रमांकावर फोन करा.